बेलभंडारा न उचलणाऱ्या धोंडिबास

धोंडिबा,

तुझ्या दहाव्याला अण्णांनी तुझं कौतुक केलं. नदीकाठी मांडव, सतरंज्या, माइक, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रवचन संपल्यावर पुढाऱ्यांची भाषणं. तुला हा प्रकार कधी आवडला नाही. ‘मेल्याव माइक कशाला, जित्तेपनी कानात सांगा की,’ असं म्हणायचास. अण्णा तिसरे उठले. म्हणाले, “धोंडिबा मेंढरामागं हिंडणारा माणूस, पण जाणता. अकरा वर्षांपूर्वी सरपंचपदाच्या वेळी त्यानं स्वतःचा गट बघितला नाही, गावाचं हित बघितलं, आणि ऐनवेळी योग्य बाजूला मत टाकलं. हे गाव त्याला विसरायचं नाही.”

माणसांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला तुझी थकूबाई बसली होती, तिची मान होती तशीच खाली राहिली. माझ्या शेजारचा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “बघा बापू, मेल्यावर का व्हईना, पावती मिळाली.”

ते मत तू टाकलं नव्हतंस. ते मी टाकलं होतं.

अण्णांना हे ठाऊक आहे. बोलताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मग नदीकडे पाहत पुढचं बोलले. नंतर माइक माझ्याकडे आला, कारण आपण चौथीपर्यंत एका बाकावर होतो हे सगळ्यांना माहीत. मी म्हणालो, “धोंडिबा माझा शाळासोबती. लई चांगला माणूस गेला.” एवढं बोलून माइक परत दिला. कावळाही लगेच शिवला. लोक म्हणाले, काही मागं ठेवलं नाही बुवा धोंडिबानं. मला ते सोसवेना. कावळा अडून बसला असता तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं.

म्हणून लिहितो आहे. हा मजकूर तालुक्याच्या साप्ताहिकाकडे जाईल, खाली माझं नाव घालून. ज्यांनी तुला अकरा वर्षं नावं ठेवली, ते साप्ताहिक वाचतात. निदान वडापाव त्यात बांधून नेतात.

तुला सगळं ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. घटनेत दुरुस्ती होऊन पंचायतीत बायकांना आणि मागासांना जागा मिळाल्या, त्या नव्याच्या नवलाईतली ती निवडणूक. आपल्या गावात सात सदस्य. तू मागास प्रवर्गाच्या जागेवरून आलास. तुमच्या मेंढपाळांच्या वाड्यावरचा पहिला माणूस पंचायतीत. मी सर्वसाधारण जागेवरून. आपल्या बाजूला शिवरामतात्या आणि पिठाच्या गिरणीवाल्या अंजनाताई, असे चार. अण्णांच्या बाजूला तीन, त्यात त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या सुमनवहिनी. अण्णा माझे सख्खे चुलतभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो याचं गावाला नवल होतं. मला स्वतःलाही होतं. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं, म्हणजे अंजनाताई की सुमनवहिनी, एवढाच प्रश्न. चार विरुद्ध तीन. प्रश्न नव्हताच खरं तर.

निवडून आल्यावर पंचायत समितीत आपलं प्रशिक्षण झालं, तिथं एक पातळ पुस्तिका मिळाली होती. मागं पंचायतीचे नियम, पुढच्या पानावर घटनेची उद्देशिका. तू ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचास. आळेफाट्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. तू आठवड्यातून एकदा यायचास, बाकड्यावर बसायचास, पुस्तिका काढायचास. “वाच,” म्हणायचास. तुला वाचता यायचं, पण अडखळत, आणि अडखळताना कुणी ऐकलेलं तुला नको असायचं. मी तारेचं वेटोळं गुंडाळत गुंडाळत वाचायचो.

“थांब. दर्जा म्हंजी काय रं?”

“दर्जा म्हणजे पायरी. सगळ्यांची एकच.”

“एकच? मंग मी आलो की तू मला बाकड्याव का बसवतूस, अन् खतवाला सायेब आला की खुर्ची का देतूस?”

मी हसलो. तूही हसलास. खुर्ची मी दिली नाही.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी संपलं नाही. मी म्हणायचो, घटना सोन्यासारखी आहे, माणसं पितळेची निघाली. वर्तमानपत्रात वाचलेलं बोलायचो मी. तू मान हलवायचास. “माणसं वंगाळ हायेत हे धरूनच लिवली असंल की ती. चांगल्या माणसाला कायदा कशाला? वाड्याव कुत्रं ठिवतो ते काय मेंढराला राखायला शिकवतं? लांडगा हाय म्हनून ठिवतो.” मी म्हणायचो, कुत्रंच झोपलं तर? तू म्हणायचास, “मंग कुत्र्याला दोस देऊ नगं. सांजच्याला त्याला भाकर कुनी टाकली न्हाई ते इचार.”

मला वाटायचं, मी तुला शिकवतो आहे.

सरपंच निवडीच्या आदल्या दिवशी तात्यांनी चौघांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. गावात फाटाफूट होणार अशी आवई होती, म्हणून बेलभंडारा उचलायचा. तळहातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा, आणि देवासमोर शब्द. तो मोडला तर घर बसतं, असं आपल्याकडे लहान पोरही सांगेल. तात्यांनी उचलला. ताईंनी उचलला. मी उचलला. तू हात मागे बांधून उभा.

“धोंड्या, उचल की,” तात्या म्हणाले. “तुझाच देव हाय.”

“माझा हाय म्हनून तर. त्याला असल्या कामात न्हाई घ्यायचा.”

“मंग तुझ्याव इस्वास कसा ठिवायचा?”

“नगा ठिवू. तात्या, मत गुपित असतंय. तसं पुस्तकातच हाय. आज तुमच्या म्हनन्यानं भंडारा उचलला तर उद्या दुसऱ्या कुनाच्या म्हनन्यानं उचलावा लागंल. आमच्या वाड्यावरच्या मानसांकडनं लोकांनी पिढ्यान् पिढ्या भंडारा उचलून घेतलाय. हे एक पहिल्यांदा असं मिळालंय, की कुनाला सांगायची गरज न्हाई. देवाला बी न्हाई.”

“राहू द्या तात्या,” अंजनाताई म्हणाल्या. “भाऊ नुसता शब्द देतील.”

“सबूद बी न्हाई, ताई. मी काय करीन ते तुमाला ठाऊक हाय. तेवढं पुरं.”

तात्या खाली उतरताना सगळा रस्ता पुटपुटत होते. मी तुझी बाजू घेतली नाही. कपाळावर रोज भंडारा लावणारा माणूस भंडारा उचलत नाही, हे मलाही खटकलं होतं. पायऱ्या उतरताना भंडाऱ्याचा हात मी झाडाच्या बुंध्याला पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला जेवायला बोलावलं. धमकी नव्हती, आमिष नव्हतं. असं काही असतं तर मला आज सोपं गेलं असतं. सुमनवहिनींनी गरम भाकरी वाढली. अण्णा म्हणाले, “बापू, तू त्या अंजनालाच मत दे. शब्द दिलाय तर पाळ. फक्त वहिनी पडली, तर उद्या वहिनीच्या हातचं जेवताना तुझा घास कसा उतरतो तेवढं बघ.” मी जेवलो. घास उतरला.

दुपारी पंचायत कार्यालयात निवड घ्यायला तालुक्याचे साहेब आले. हात वर करून मतदान घ्यायचं त्यांनी जाहीर केलं. तसं झालं असतं, तर धोंडिबा, मी अंजनाताईंसाठी हात वर केला असता. मी स्वतःला इतकं ओळखतो. सहा माणसांसमोर फिरायची माझी छाती नाही. पण तू उठलास. कुणाला न विचारता, मला न विचारता. टोपी सारखी केलीस आणि म्हणालास, “सायेब, एका सदस्याची मागनी असली तर गुप्त मतदान घ्यावं लागतंय. माझी मागनी हाय.”

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. मग वर बघून म्हणाले, “बरोबर आहे. अभ्यास आहे की तुमचा! कुठं शिकलात?”

तू माझ्याकडे पाहून हसलास. मला श्रेय द्यायचं होतं तुला. पण तोवर साहेबांनी शिपायाला सांगितलं होतं, “यांना खुर्ची द्या रे.” शिपायाने जवळची रिकामी खुर्ची उचलली. ती माझी होती, मी पाणी प्यायला उठलो होतो.

एवढंच झालं. बाकी काही नाही. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अण्णांच्या भाकरीने केलं, भाऊकीने केलं, रक्ताने केलं. आज खरं लिहितो. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मी उभा होतो. समोर कागद, कागदावर दोन नावं. मनात ना अण्णा होते, ना देव. मनात ती खुर्ची होती. दर्जा म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगत होतो तोवर मला तो शब्द फार आवडायचा. तू तो खरा धरलास आणि माझ्या बरोबरीला येऊन बसलास, तेव्हा मला सोसवलं नाही. आणि त्या फटीत मला बघणारं कुणी नव्हतं. सुमनवहिनींच्या नावापुढे मी फुली मारली.

दुबळ्याला भिऊन मत द्यावं लागू नये म्हणून तू मागितलेला आडोसा, तो मी असा वापरला.

चार विरुद्ध तीन. फक्त उलट बाजूने.

त्यानंतरचा तास मला अजून जशाचा तसा दिसतो. बाहेर अण्णांच्या पोरांनी गुलाल फेकायला सुरुवात केली होती. आपण चौघे गिरणीत. ताईंनी पट्टा उतरवला, गिरणी थांबली, आणि कानात नुसतं घूं राहिलं. तात्यांनी ताटलीत बेलभंडारा आणवला होता. “पुन्यांदा उचला,” ते म्हणाले. “ज्यानं गद्दारी केली न्हाई त्यानं उचलावा अन् मोकळं व्हावं.”

तात्यांनी उचलला. ताईंनी उचलला. मग ताटली माझ्यापुढे आली. पहिल्यांदा खरं मनात धरून उचलला होता. या वेळी खोटं मनात धरून उचलला. मी म्हणालो, “माझं मत ताईंनाच,” आणि ताटली तुझ्यापुढे सरकवली. मी स्वतः सरकवली, धोंडिबा.

तू ताटलीकडे पाहिलंस. “न्हाई.”

“आता बी न्हाई?” तात्यांचा आवाज फाटला. “आरं आता तरी सांग. गुप्त मतदान तूच मागितलंस, भंडारा तूच उचलला न्हाईस. आता लोकांनी काय समजायचं?”

“भाऊ,” अंजनाताई म्हणाल्या, “मी रागावणार नाही. एकदा नुसतं सांगा, मला मत दिलं होतं म्हणून. मी भंडाऱ्याशिवाय खरं मानीन.”

तू सगळ्यांकडे पाहिलंस. तात्यांकडे, ताईंकडे, शेवटी माझ्याकडे. माझ्यावर नजर थोडी जास्त थांबली. तू म्हणालास, “ताई, आज मी सांगितलं तर उद्यापासनं परतेकाला सांगावं लागंल. ज्याला सांगायची चोरी हाय त्यानं मंग मत कसं द्यायचं?”

तुला तेव्हाच कळलं होतं का? हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारून काय.

गावाने तुझं नाव ‘गुप्त’ ठेवलं. आळेफाट्याच्या हॉटेलात तू शिरलास की कुणीतरी ओरडायचं, “गुप्तराव आले! चा कुनाच्या बाजूनं?” तू म्हणायचास, “ज्यो पाजील त्याच्या,” आणि खालच्या बाकावर बसायचास. हसणाऱ्यांत कधी कधी मीही असायचो. पण थट्टा एवढ्यावर थांबली नाही. कोकणातून कळप परत आला की पाऊस लागायच्या आधी आपले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात आणि बदल्यात धान्य देतात. आपल्या गटाच्या लोकांनी तुझी मेंढरं बोलवायची बंद केली. अण्णांच्या लोकांनीही बोलावलं नाही. त्यांचं म्हणणं, एकदा फिरला तो परत फिरंल. मग तू कळप घेऊन खाली आंबेगाव तालुक्यात, पारगावच्या अंगाला, ऊस तुटलेल्या रानांत जायचास. तिथं तुला कुणी ओळखत नव्हतं. घरापासून दोन मुक्काम लांब, स्वतःच्या गावची रानं मोकळी पडलेली असताना.

आणि पंचायतीत काय झालं? पाच वर्षं सरपंचाचा शिक्का अण्णांच्या खिशात राहिला. सुमनवहिनी एकाही सभेला आल्या नाहीत. सह्या घरी व्हायच्या. मी सभेत बसून असायचो. तूही यायचास. मुरबाडच्या बाजूला वाडा पडलेला असला तरी एसटीने माळशेज चढून यायचास, आणि वहिनींच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून दर वेळी तेच विचारायचास, “सरपंच कुटं हायेत? न्हाईत, तर तसं लिवा.” ग्रामसेवक लिहायचा नाही. पुढच्या खेपेला सरपंचपद दुसऱ्या प्रवर्गाला गेलं. अंजनाताईंची पाळी पुन्हा आली नाही. बायकांना दिलेलं दार आपल्या गावात एकदा उघडलं होतं, ते मी कपाटामागून लोटलं.

पाचेक वर्षांमागे तू दुकानात आलास. दम लागत होता तुला तेव्हापासूनच. मी उठून खुर्ची दिली. तू बसला नाहीस, बाकड्यावरच टेकलास. पुस्तिकेचं पहिलं पान घडीवर फाटलं होतं. म्हणालास, “हितं पयल्यालाच लिवलंय, की हे लोकांनी सोताच सोताला दिलंय. मला लई दिस वाटायचं, सरकारनं दिलंय. सोताच दिलंय म्हनल्याव ते पुरं पडंना तर गाऱ्हानं कुनाकडं न्यायचं रं, बापू?”

मी म्हणालो, “धोंडिबा, मला तुला एक सांगायचंय.”

तू हात वर केलास. “सांगू नगं. सांगितलं की मला काईतरी करावं लागंल. चा सांग.”

मी चहा सांगितला. आणि मला बरं वाटलं. तू मला मोकळं केलंस असं मी मानून घेतलं. तुझा मोठेपणा म्हणालो आणि पुढची पाच वर्षं त्या मोठेपणाच्या सावलीत निवांत बसलो. आज मला तुझाही थोडा राग आहे. तू मला बोलू द्यायला हवं होतंस. भांडायला हवं होतंस. मेंढरात काठी टाकायचास तशी एक टाकायची होतीस. हे तुला अजून कुणी बोललं नसेल, म्हणून मी बोलतो.

घटना आपल्या बोलण्याला जागली की नाही, यावर आपण दहा वर्षं वाद घातला. माझ्यापुरतं उत्तर आता माझ्याकडे आहे. कागदाने तुला जे कबूल केलं होतं ते त्या दुपारी त्याने दिलं. मागणी एकाची, तरी ऐकली गेली. मेंढपाळाचं मत आणि बागायतदाराचं मत एकाच मापाचं मोजलं गेलं. खुर्चीसुद्धा मिळाली. त्याला पुरं पडू दिलं नाही ते मी. ‘माणसं पितळेची’ असं म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी दुसरी माणसं असायची.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर गेलो. अंजनाताई आता पन्नाशीला आल्यात. दळण थांबवून त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, त्या रडतील किंवा मला हाकलतील. त्या हाताचं पीठ झटकत राहिल्या, झटकून झाल्यावरही.

“माझी खुर्ची गेली त्याचं मला आता काही नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण थकूबाई दळण घेऊन आली की मी अकरा वर्षं तिच्याशी बोलले नाही. डबा घ्यायचा, दळायचं, परत करायचा. एक शब्द नाही. तिचं पोर आजारी होतं तेव्हासुद्धा नाही. ते तुम्ही मला करायला लावलंत. ते मी कुठं नेऊ?”



त्यांनी गिरणीला कडी घातली. “चला,” म्हणाल्या. “मला सांगून काय उपयोग. चला.”

आम्ही दोघं तुझ्या घरी गेलो. थकूबाई ओसरीवर लोकर पिंजत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, आडवळण न घेता. त्या वेळचं फुटलेलं मत माझं होतं, अण्णा खोटं बोलले, धोंडिबानं काही केलं नव्हतं. ती ऐकत होती. तिने मला एक शिवी दिली असती तर मी उभा राहू शकलो असतो.

ती म्हणाली, “मंग त्यांनी कुनाला दिलं व्हतं?”

मला आधी प्रश्नच समजला नाही.

“मी लई येळा इचारलं,” ती म्हणाली. “भांडले. म्हनले, जगाला नगा सांगू, मला तरी सांगा, मी बायको हाय. तर म्हनायचे, थके, तुझं मत मी कदी इचारलं का? लोकं बोलायची, मेंढरं कुनी बशिवंना... मंग मला बी वाटाया लागलं, की दिलं असंल अण्णालाच. तसं मी त्यांना एकदा बोलून बी दावलं. त्याव काय बोलले न्हाईत. मंग ताईलाच दिलं व्हतं का?”

सात चिठ्ठ्यांत लपायला जागा असून असून किती असणार. माझी उघडी पडली की तुझीही पडते, हे ओसरीपर्यंत येताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जे तू देवाला सांगितलं नाहीस, ताईंना नाही, जिच्यासोबत उभा जन्म वाड्यावर काढलास तिलाही नाही, ते तिला माझ्या तोंडून कळणार होतं. तुला विचारायची सोय नव्हती.

मी म्हणालो, “हो. ताईंनाच.”

थकूबाईने पदराने तोंड पुसलं. अंजनाताईंचा हात धरून त्यांना आत नेलं. मला ये म्हणाली नाही. आत दोघी बोलायला लागल्या, आधी हळू, मग एकीचा हुंदका आला, कुणाचा ते कळेना. भिंत कुडाची. कान दिला असता तर शब्द न् शब्द ऐकू आला असता.

मी ओसरीवरून उतरलो, आणि त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन, मेंढरांपाशी उभा राहिलो.